दंवपरी आणि करपलेले माड

गारवाडीत थंडी आली की ती आधी सोनकीच्या खोलीत शिरायची. उरली तर मग गावात जायची.

खोलीला एकच दार होतं आणि तेही उत्तरेकडे. भिंती दगडाच्या, दगडांत फटी, फटींत चिंध्या. समोर कुंपणाची काळी भिंत होती. सकाळचं कोवळं, केशरी ऊन त्या भिंतीपर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. दारात बसलेल्या सोनकीला ते नुसतं दिसायचं, लागायचं नाही.

सोनकी नऊ वर्षांची होती. तिला आई नव्हती. आबा होते, पण यंदा मार्गशीर्ष लागला तसं त्यांना खोकल्यानं धरलं आणि ते अंथरुणावरून उठेनात. आबा आक्कासाहेबांच्या बंगल्याचे माळी. ही खोली माळ्याची. माळी बागेत राबला तर खोली, नाहीतर घाट उतरा.

आक्कासाहेब मूळच्या समुद्राकाठच्या. लग्न होऊन या डोंगरावर आल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या, पण झावळ्यांची सळसळ कानांतून काही गेली नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी खालून पाच रोपं आणवली. एक शिंदी, एक भेरली माड, दोन नारळ आणि एक नाजूकशी सुपारीची पोफळ. आबांनी ती दक्षिणेच्या उन्हात ओळीनं लावली. दर हिवाळ्यात आबा त्यांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याची गादी करायचे आणि संध्याकाळी डोक्यावर गोणपाट बांधायचे. सकाळी ऊन आलं की सोडायचे. पाची झाडं आता सोनकीपेक्षा हातभर उंच झाली होती.

हिवाळ्यात आक्कासाहेब खाली लेकीकडे जात. मग बंगल्यात दिवाणजींचं राज्य. दिवाणजींना झाडांतलं काही कळत नव्हतं. हे वाईट नाही, पुष्कळांना कळत नाही. वाईट हे, की त्यांना ते माहीत नव्हतं.

"दिवाणजी, कोठीतली पाच गोणपाटं द्या," सोनकी म्हणाली. "आबा उठू शकत नाहीत. मी बांधते झाडांना."

"गोणपाटं बटाट्यांसाठी आहेत."

"बटाटे तर दिवाळीतच संपले."

दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं. "डोंगरावर कधी माड जगलेत का गं? यंदा मेले म्हणजे बरं. होळीला लाकूड होईल, नवा माळी येईल आणि तुमची खोली रिकामी होईल. आबाला सांग, बोचकं बांधून ठेव म्हणावं."

गारवाडीची रीतच होती तशी. होळीच्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ज्याच्या बागेत वाळकं झाड दिसेल, ते होळीचं. कुणाला विचारायचं नाही, कुणी नाही म्हणायचं नाही.

आणि कोठीत गोणपाटांची थप्पी उंदीर कुरतडत होते. हे इथे सांगून ठेवलेलं बरं, कारण दिवाणजींनी नंतर ते साफ नाकारलं.

सोनकी घरी आली. तिनं आपली घोंगडी घेतली, आईच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे घेतले आणि स्वतःची गोधडी घेतली. शिंदी रांगडी, तिला काही नको, असं आबा नेहमी म्हणत. म्हणून तिला सोडून बाकी चौघांना सोनकीनं एकेक पांघरूण बांधलं. गोधडी सगळ्यांत उबदार होती. ती तिनं पोफळीला दिली. स्वतः चुलीशेजारी गवताच्या पेंढीत शिरून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग पांढरी झाली होती. गवताच्या पात्यापात्यावर साखर पेरलेली, कोळ्याची जाळी मोत्यांची झालेली, हौदाच्या काठावर चांदीची किनार. सूर्य अजून डोंगराआड होता. सोनकी फुंकरीनं बोटं गरम करत गोधडी सोडायला लागली, तेवढ्यात घडीतून आवाज आला.

"श्वास दुसरीकडे सोड, बाळ. तुझा श्वास म्हणजे मला वणवा आहे."

घडीत एक इवलीशी परी अडकली होती. अंगठ्याएवढी. पंख खडीसाखरेच्या पापुद्र्यासारखे, झगा दुधासारखा, पण हलला की निळसर, गुलाबी, पोपटी चमकणारा. केसांच्या बटांत दंवाचे मणी. मात्र एका पंखाचं टोक वितळून थेंब थेंब गळत होतं, आणि डोंगरामागून ऊन वर सरकत होतं.

सोनकीनं श्वास रोखला. हात लावावा तर हात गरम. तिनं पटकन एक गार पान खुडलं, हळूच परीखाली सरकवलं आणि हौदामागच्या गर्द सावलीत नेऊन ठेवलं. मग तोंड फिरवून तिनं एकदाचा श्वास सोडला.

"वाचले गं," परी म्हणाली. "रात्रभर त्या उबाऱ्यात अडकले होते."

"तू कोण?"

"दंवपरी. थंडीत गवतावर पांढरी रांगोळी कोण घालतं, असं वाटलं तुला?"

सोनकीच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे झाडं करपवणारी ती तूच."

परी जराशी ओशाळली. "मी करपवायला जात नाही. मी आपली पसरते. गव्हाला मी हवी असते, हरभऱ्याला हवी असते, माडाला नको असते. सगळ्यांचं एकदम कसं जमणार?"

"मग माडापाशी वळसा घालून जायचं."

परी हसली. बर्फाच्या खड्यांवर खडे आपटावेत तशी, किणकिण. "माझ्यावर चिडलीस, तरी उन्हात टाकलं नाहीस."

"चिडण्याचा आणि टाकण्याचा काय संबंध?" सोनकी म्हणाली.

परी पानावर सावरून बसली. "सोनके, तीन इच्छा माग. पण अटी ऐक. थंडी थांबव असं म्हणायचं नाही, ते माझं कामच आहे. जे मागशील त्यातलं अर्धं काम तू करायचं. आणि माझ्या जादूनं जे होईल, ते मी इथे आहे तोवरच टिकेल. होळीच्या सकाळी पहिलं ऊन पडलं की मी जाते."

"मग उपयोग काय त्या जादूचा?"

"तू जे करशील ते माझ्यामागेही राहील. म्हणून नीट विचार करून माग."

सोनकीनं फार विचार केला नाही. "आबांना ऊन पाहिजे. ते आमच्या समोरच्या भिंतीवरच थांबतं."

"भिंत कसली आहे?"

"काळी. शेवाळलेली."

"मग शेवाळ तू खरवड आणि चुना लाव. पुढचं मी बघते."

सोनकीनं दोन दिवस भिंत घासली. बोटांची सालं निघाली. गावातल्या चुनेवाल्या काकूंनी तिला बादलीभर चुना दिला आणि वर म्हणाल्या, "आधी खोलीच्या फटी बुजवायच्यास ना, वेडे." तिसऱ्या सकाळी भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि तिच्यावर परीनं हिमाच्या कणाकणाचे इवले इवले आरसे जडवले. सूर्य वर आला. ऊन भिंतीवर पडलं, चमकलं, वळलं आणि दारातून थेट आबांच्या अंथरुणावर येऊन बसलं.

आबांनी डोळे उघडले. "सोनके, खोली फिरवलीस का काय गं?"

त्या उन्हात आबांची छाती हळूहळू सुटू लागली. आठवड्याभरात ते भिंतीला धरून दारापर्यंत आले.

पौष लागताना दंवपरी हौदाच्या काठावर येऊन बसली. तिचा चेहरा गंभीर होता. "लागोपाठ तीन पहाटा अशा येतील, की हौदाचं पाणी काच होईल. मला थांबता येणार नाही. तुला कळावं म्हणून आले."

"मग माझी दुसरी इच्छा," सोनकी म्हणाली. "माडांना जाड पांघरुणं."

"गवत काप, वळ आणि विण. धागा मी देते."

सोनकीनं उतारावरचं वाळकं, सोनेरी गवत कापलं आणि त्याच्या चटया विणल्या. दारात बसून आबांनी गाठी मारायला मदत केली. परीनं कोळ्यांच्या जाळ्यांतून रुपेरी धागे ओढले आणि चटयांच्या आत असे भरले, की हातात धरलं तर जड, अंगावर घेतलं तर हलकं. चार झाडांना चार चटया झाल्या आणि पाचवी उरली.

"ही तू पांघर," परी म्हणाली.

सोनकीच्या डोक्यात वेगळंच होतं. दिवाणजींच्या दारात, भिंतीच्या आडोशाला, त्यांची लाडकी पपई होती. तिच्या फळांवर दिवाणजींनी बोटभर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या, 'मोजलेली आहेत' अशा. तिच्यावर काहीच बांधलेलं नव्हतं. सोनकीनं पाचवी चटई पपईला गुंडाळली.

"त्यांनी तुला एक गोणपाट दिलं नाही," परी म्हणाली.

"पपईनं नाही म्हटलं नव्हतं."

तीन पहाटा आल्या. हौद काच झाला. गारवाडीतल्या पागोळ्या लोलकांसारख्या लटकल्या. चौथ्या दिवशी ऊन निघालं, सोनकीनं चटया सोडल्या. शिंदी तेवढी हिरवीगार उभी होती. दोन्ही नारळ, भेरली माड आणि पोफळ तपकिरी पडले होते. भाजलेल्या पापडासारखी झावळी, हात लावला की कुरकुर वाजणारी.

दिवाणजी आले. पपईकडे बघून खूश झाले, "मी निवडलेलं रोप आहे ते," म्हणाले, आणि माडांकडे वळले. त्यांच्या हातात चुन्याचं मडकं होतं. चारही बुंध्यांवर त्यांनी पांढऱ्या फुल्या मारल्या.

"वाळलं म्हणजे मेलं," ते म्हणाले. "होळीला चांगली पेटतील. तोवर त्या झावळ्या तरी छाटून टाक. बाग कशी दिसते आहे."

सोनकी धावत आबांकडे गेली. आबा अंथरुणावर उठून बसले. मग म्हणाले, "छाटू नकोस. करपल्या तरी त्याच झावळ्या आता आतल्या कोंबाचं पांघरूण आहेत. कोंब एकच असतो गं माडाला. तो गेला की सगळं गेलं. तो राहिला तर झाड राहिलं."

"मग कोंब आहे का गेला?"

"इतकी थंडी मीही कधी पाहिली नाही, पोरी. कसं सांगू?"

दिवाणजी रोज येऊन झावळ्यांवरून बोलायचे आणि सोनकी रोज म्हणायची, "आबांना विचारते." माघ सरत आला, तरी झाडं तपकिरीच. आबांनी कोपऱ्यातलं बोचकं पुढे ओढलं आणि त्यात दोन भांडी ठेवली. ते सोनकीनं पाहिलं. ती हौदापाशी गेली.

दंवपरी आता लहान झाली होती. करंगळीच्या नखाएवढी. दिवस तापू लागले होते.

"एक इच्छा उरली आहे तुझी," परी म्हणाली. "सांग. म्हणशील तर आत्ता चारही झाडं पाचूसारखी हिरवी करते. दिवाणजी बघतच राहतील. होळी टळेल, खोली राहील."

सोनकीच्या डोळ्यांपुढे ती हिरवी झाडं उभी राहिली. झुलणारी, लखलखणारी. दिवाणजींचं उघडं पडलेलं तोंडसुद्धा तिला दिसलं, आणि ते तिला फार आवडलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू गेल्यावर ती हिरवीच राहतील?"

"नाही."

"आणि आत कोंब जिवंत असला तर त्याचं काय होईल?"

परीनं पंख मिटले. "खोटं हिरवं उभं ठेवायला बळ लागतं. ते कोंबातूनच घ्यावं लागेल. मी गेले की झाड खरोखर जाईल. पण तोवर खोली तुमची झालेली असेल, सोनके. माणसं एकदा हो म्हणाली की सहसा मागे फिरत नाहीत."

सोनकी हौदाच्या काठावर बसली. बोटानं पाण्यावर रेघा काढत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला खरं काय ते सांग. ती जिवंत आहेत की नाहीत, एवढंच."

"एवढंच? सोनके, आजवर कुणी खरं समजून घ्यायला इच्छा खर्च केली नाही माझ्यापाशी."

"मेली असतील तर मी आबांना भांडी भरायला मदत करीन. पण जिवंत झाड जाळू देणार नाही. आणि मेलेल्याला जिवंत म्हणणार नाही."

परी उडाली आणि तिच्या कानाशी येऊन बसली. गार, गोड वाऱ्याची झुळूक यावी तशी. "अर्धं काम तुझं. स्टूल आण. झाडाच्या अगदी मधोमध मिटलेला कोंब असतो, भाल्यासारखा टोकदार. तो दोन बोटांनी धर आणि वर ओढ. हळू, पण भिऊ नकोस. हातात आला तर झाड गेलं. नाही आला, धरून राहिला, तर आत जीव आहे."

सोनकी आधी भेरली माडापाशी गेली. कोंब ओढला. तो हलला नाही. पहिला नारळ. नाही हलला. दुसऱ्या नारळाचा कोंब जरासा कुरकुरला आणि तिचा जीव टांगणीला लागला. पण त्यानंही घट्ट धरून ठेवलं, जणू झाड आतून म्हणत होतं, सोड गं, मी आहे.

मग पोफळ. सोनकीनं डोळे मिटून ओढलं. कोंब लोण्यातून सुरी निघावी तसा हातात आला. खालचं टोक काळं होतं, कुजलेलं. जिला गोधडी दिली होती, तीच.

सोनकी स्टुलावर बसून रडली. मग नाक पुसून तिनं तो कोंब होता तसा जागेवर ठेवला आणि वर झावळ्या सारख्या केल्या. मेलेल्या पाखरालाही आपण पानावर ठेवतो, तसं.

होळीच्या आदल्या दिवशी आक्कासाहेब आल्या. तपकिरी माडांकडे त्यांनी एकदा पाहिलं. आणि तशाच आत निघून गेल्या. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

होळीच्या सकाळी, उजाडताच, गावातली चार माणसं कुऱ्हाडी घेऊन फाटकात आली. दिवाणजी पुढे. आबा काठी टेकत उभे. आक्कासाहेब शाल घेऊन पायरीवर बसल्या होत्या. सोनकी माडांच्या आडवी येऊन उभी राहिली.

"बाजूला हो," दिवाणजी म्हणाले. "रीत आहे ही."

"वाळकं झाड होळीचं, ही रीत आहे," सोनकी म्हणाली. "जिवंत झाड होळीचं, अशी रीत नाही. ही पोफळ मेली आहे. ती न्या. ही तिघं जिवंत आहेत."

कुऱ्हाडवाल्यांतला एक हसला. "पोरी, सगळी एकाच रंगाची तर आहेत."

"रंगाचं विचारू नका. कोंबाचं विचारा."

आक्कासाहेब पायरीवरून उठल्या. "थांबा जरा. सोनके, पोफळ मेली, हे तू आपणहून सांगतेस?"

"मेलीच आहे, आक्का."

"सगळी जिवंत म्हणाली असतीस तरी मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं. मला माहीत होतं ना. ओढून बघा, कोंब हातात आला तर झाड गेलं, धरून राहिला तर जीव आहे."

आक्कासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दिवाणजींकडे. "दिवाणजी, तुम्ही ओढा कोंब. एकेक करून."

दिवाणजींनी पोफळीचा कोंब धरला. तो लगेच हातात आला. "बघा," ते म्हणाले, "मी सांगत होतो." तो उंच धरून त्यांनी सगळ्यांना दाखवला. मग त्याच उत्साहात भेरली माडाचा धरला आणि हिसका दिला. काही झालं नाही. पहिल्या नारळाचा ओढला. काही नाही. दुसऱ्या नारळाला त्यांनी दोन्ही हात लावले.

"हळू, दिवाणजी," आबा म्हणाले. "झाड आहे, विहिरीचा दोर नाही."

दिवाणजींचे हात निसटले आणि ते पालापाचोळ्याच्या गादीवर मऊपणे बसले. कोंब जागेवरच होता. त्यांच्या हातांखाली बाजूची करपलेली झावळी मात्र दुमडली गेली होती, आणि तिच्याखाली, अगदी देठाशी, बोटभर लांबीचं काहीतरी दिसत होतं. पोपटी. ओलं. नुकतं जन्मलेलं.

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. आबा काठीवर हनुवटी टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते. आक्कासाहेब नारळापाशी गेल्या. त्या पोपटी टोकाला हात न लावता नुसत्या बघत राहिल्या.

"दिवाणजी," त्या मागे न वळता म्हणाल्या, "कोठीची किल्ली आजपासून सोनकीकडे. आणि त्या खोलीला दक्षिणेकडून खिडकी पाडायची. ही तिघं झाडं जिवंत आहेत तोवर खोली सोनकीची आणि तिच्या आबांची, आणि नसली तरी त्यांचीच. लिहून घ्या."

"कोठीत तसं काही नाहीच, आक्कासाहेब," दिवाणजी पालापाचोळा झटकत म्हणाले. "गोणपाटं तर मुळीच नाहीत."

मग दिवाणजी शाई आणायला आत गेले.

माणसं पोफळ घेऊन होळीच्या माळाकडे निघाली. सोनकीनं तिच्या बुंध्यावरून एकदा हात फिरवला आणि जाऊ दिलं. आबांनी आत जाऊन बोचक्यातली दोन भांडी काढली आणि चुलीवर चहा ठेवला. भांड्याची खणखण बागेपर्यंत ऐकू आली. इतका चांगला आवाज सोनकीनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

ती एकटीच उरली तेव्हा तिला त्या पोपटी टोकावर दंवाचा एक थेंब दिसला. मोहरीएवढा. थेंबात इवलेसे पंख होते.

"ऊन येतंय," सोनकी म्हणाली. "पान आणू? सावलीत नेऊ?"

"नको गं. आता मला जायचं आहे. मला दुखत नाही, अडकले की दुखतं. तुझ्या गोधडीत दुखलं होतं."

"तुझे भिंतीवरचे आरसे जातील?"

"आरसे जातील. चुना राहील. ऊन यायला चुना पुरतो."

"पुढच्या वर्षी येशील?"

"येणारच. थंडी माझं कामच आहे." थेंबातून किणकिण हसू आलं. "पण माडांपाशी जरा वळसा घालता येतो का, ते बघते."

डोंगराच्या कडेवरून सूर्याचा पहिला किरण सुटला. बागेवरून, हौदावरून, गवतावरून धावत आला आणि थेंबाला लागला. क्षणभर तो थेंब लाल झाला, केशरी झाला, निळा झाला, पाचूसारखा हिरवा झाला. मग नुसता उजेड झाला. तो उजेड त्या कोवळ्या पात्यावरून खाली घरंगळला आणि आत, कोंबात, शिरून गेला.

नारळाचं पातं किंचित हललं, आणि मिटलेल्या पंख्याची पहिली घडी सुटली.